टेक्ससातील एक खरेदी

आमच्या नावे शिकारीचा परवाना निघेल असे एखाद्या ज्योतिष्याने पूर्वी सांगितले असते, तर दिलेली दक्षिणा आम्ही परत मागितली असती. पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही आम्ही आजवर दूर शेतात नेऊन सोडीत आलो. अशा आम्हा सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकाच्या पाकिटात आज टेक्सस राज्याचा शिकारीचा परवाना आहे. त्याची हकीकत अशी.

आमचे चिरंजीव ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेस केटी नावाच्या उपनगरात राहतात. येथे पूर्वी भाताची शेती फार होती, हे ऐकून आम्हा कोकणच्या माणसास बरे वाटले. परंतु त्या जुन्या खाचरांवर आता विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या आहेत. प्रदेश इतका सपाट की, टेकडी पाहण्याची सवय असलेली नजर कोठे टेकावी हेच समजत नाही. शेजारचा हमरस्ता दोन्ही बाजूंचे सर्व पदर धरून काही ठिकाणी सव्वीस पदरी होतो. त्यावरून पायी जाणारा मनुष्य आम्हास दोन महिन्यांत एकही दिसला नाही.

गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीत एक घरफोडी झाली. तेव्हापासून चिरंजीवांनी पिस्तूल घेण्याचे मनात घेतले होते. सूनबाई त्यावर काही बोलत नसत. पण त्यांचे न बोलणे भांड्यांच्या आवाजावरून ऐकू येई. घरात आठ वर्षांचा नातू. एके रात्री जेवणानंतर चिरंजीवांनी आम्हासच पंच नेमले.

"अण्णा, तुम्ही सांगाल तसे. पण आधी एकदा माझ्याबरोबर चला, पाहा, मग बोला."

ज्या वस्तूविषयी वाद घालावयाचा ती एकदा हाती घेऊन पाहावी, ही आमची जुनी मास्तरी खोड. आम्ही होकार दिला. तेव्हा कळले की, पाहुणा म्हणून व्हिसा घेऊन आलेल्या परदेशस्थास येथील संघीय कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. या नियमास जे थोडे अपवाद आहेत, त्यांत येथील शिकारीचा परवाना जवळ असणे हा एक. 2 सप्टेंबर 1971 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यास टेक्ससात त्याकरिता आधी शिक्षण घ्यावे लागते. आमचा जन्म त्यापूर्वीचा, म्हणून सरकारने आम्हास जन्मतःच शिकलेले धरले. खेळाच्या सामानाच्या दुकानात पारपत्र दाखवून पैसे भरले, आणि आम्ही शिकारी झालो. आमच्या सौभाग्यवतींनी तो कागद उलटसुलट पाहून "आता निदान झुरळ तरी मारा" एवढेच म्हटले.

बंदूक आम्हास अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. रानडुकरे व वानरे यांपासून पीक राखण्यासाठी कोकणात शेतकऱ्यांस बंदुकीचा परवाना मिळतो. आमच्या बालपणी शेजारच्या माजघरात अशी एक ठासणीची बंदूक खुंटीवर असे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आमच्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना मागावयाचा म्हणजे अर्ज, चौकशी, शिफारस आणि वाट पाहणे. येथे तसा परवानाच नाही.

दुकान हमरस्त्याच्या कडेला, एका दंतवैद्याच्या दवाखान्याला लागून होते. आत सराफाच्या पेढीसारखी काचेची कपाटे, आणि त्यांत दागिन्यांऐवजी पिस्तुले. चिरंजीवांनी बोट दाखविले ते सर्वांत मोठ्याकडे. त्याचे इंग्रजी नाव 'डेझर्ट ईगल', म्हणजे मरुभूमीतला गरुड. मिनेसोटा राज्यातील मॅग्नम रिसर्च या कंपनीची ही कल्पना, आणि 1980 नंतरच्या दशकात ते बनू लागले इस्रायलच्या सरकारी शस्त्रशाळेत. सामान्य शिपायाच्या कमरेला ते क्वचितच दिसते. चित्रपटांतील नायकाच्या व खलनायकाच्या हाती फार. चिरंजीवांनीही ते प्रथम विद्यार्थिदशेत चित्रपटातच पाहिले होते, हे त्यांनी तेथे कबूल केले. म्हणजे घरफोडी हे निमित्त. मूळ रोग जुना.

'मॅग्नम' हा शब्द ऐकून आमचे कान टवकारले. लॅटिन भाषेतील हे नपुंसकलिंगी विशेषण आपल्या 'महत्'चे सख्खे भावंड होय. नेहमीपेक्षा अधिक दारू भरलेल्या काडतुसास हे नाव देतात. विक्रेत्याने ते काडतूस आमच्या तळहातावर ठेवले. गोळीचा व्यास अर्धा इंच, वजन सुमारे 19 ग्रॅम. किंमत एकेकाची दोन डॉलरांहून अधिक! नेहमीच्या 9 मिलीमीटरच्या पिस्तुलाहून या गोळीचा जोर सुमारे चौपट. अशी सात एका वेळी पिस्तुलात मावतात.

विक्रेता साठीच्या घरातला, बोलण्यात सरळ मनुष्य. एवढे मोठे घरात कशास हवे, असे आम्ही आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजीत विचारले. तो हसून म्हणाला की, घराच्या रक्षणासाठी मी हे कोणासही सुचवीत नाही. त्याकरिता लहान, हलके बरे. हे लोक हौसेने घेतात. आपल्या मालाविषयी इतके खरे बोलणारा दुकानदार आम्हास आवडला. आम्ही चिरंजीवांकडे पाहिले; ते कपाटाकडे पाहत होते.

मग संघीय सरकारचा एक नमुना भरावयाचा. आपण स्वतःसाठीच घेत आहात काय, गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली आहे काय, अमली पदार्थांचे सेवन करता काय, घरातील माणसास मारहाण केल्याबद्दल दोषी ठरला आहात काय, असे प्रश्न. खोटे उत्तर देणे हाच गुन्हा. पिस्तुलासाठी वय एकवीस पुरे लागते. ही माहिती वेस्ट व्हर्जिनियातील कचेरीकडे गेली आणि काही मिनिटांत 'द्यावे' असे उत्तर आले. आमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागला होता. पण आनंद वाटावा की भय, हे ठरेना. जिच्या तपासणीस काही मिनिटे पुरतात, ती वस्तू पुढे तीस वर्षे घरात राहावयाची.

गल्ल्याजवळ एक पाटी होती. मुले असण्याचा संभव असेल आणि त्यांच्या हाती लागेल अशा ठिकाणी शस्त्र मोकळे ठेवणे बेकायदेशीर आहे, अशा अर्थाची. दुकानदाराने ती लावलीच पाहिजे असा टेक्ससचा कायदा आहे. पिस्तुलाबरोबर एक कुलूपही मिळाले. तेही संघीय कायद्याने द्यावेच लागते. चिरंजीवांनी ते न पाहताच पिशवीत टाकले, हे आम्ही पाहिले.

नेमबाजीची जागा दुकानाच्या मागेच होती. कानांत बोळे, त्यांवर जाड झाकणे, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा. रिकामे पिस्तूल प्रथम हाती घेतले तेव्हा मनगट खाली गेले. वजन सुमारे दोन किलो, आमच्या घरच्या वरवंट्याएवढे; आणि मूठ इतकी जाड की बोटे जेमतेम पोचतात. तेथील देखरेख करणाऱ्या गृहस्थाने यंत्र समजावून दिले. बहुतेक पिस्तुलांत गोळीच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरतो. यात तसे नाही. नळी स्थिर असते. तिच्यातील एका बारीक छिद्रातून थोडा वायू खालच्या मार्गाने पुढे जाऊन दट्ट्यास ढकलतो, खीळ फिरून सुटते, रिकामे नळकांडे बाहेर पडते व नवे काडतूस आत येते. ही रीत बंदुकीची, ती पिस्तुलात आणली. म्हणूनच वेष्टन नसलेली शिशाची गोळी यात घालावयाची नाही. शिसे त्या छिद्रात बसते. आम्ही मनात अग्निपुराणातील धनुर्वेदाची वर्गवारी चाळली. तेथे आयुधांचा 'यंत्रमुक्त' असा एक वर्ग आहे. हे त्यात चपखल बसते.

नवख्यास एकच काडतूस भरून देतात. कारण धक्क्याने हात वर गेला आणि बोट पुन्हा आवळले, तर दुसरी गोळी छपराकडे जाते. आम्ही दोन्ही हातांनी धरले, कुलदैवताचे स्मरण केले आणि चाप ओढला.

ध्वनी कानांनी नव्हे, छातीने ऐकला. तोंडाशी ज्वाळेचा मोठा गोळा दिसला, आणि आमचे हात कपाळापर्यंत आले. रिकामे नळकांडे मात्र अर्ध्यातच अडकले होते. मनगट ढिले राहिले की हे यंत्र आपले काम पुरे करीत नाही, असे त्या गृहस्थाने सांगितले. आयुष्यभर मुलांना 'लेखणी सैल धर' म्हणत आलो, त्याचे हे फळ! दुसऱ्या वेळी मनगट आवळले. नळकांडे बाहेर उडाले, कागदाच्या कोपऱ्यात बोट जाईल असे भोक पडले. आणि खरे सांगावयाचे तर, क्षणभर आम्हास अत्यंत आनंद झाला. तो का झाला याचा विचार करीत आम्ही पिस्तूल खाली ठेवले व तिसरी गोळी घेतली नाही. चिरंजीवांनी पुढे दोनदा सात-सात उडविल्या. पितळी नळकांड्यांपैकी एक त्यांच्या गालास चाटून गेले.

परत येताना गाडीत आम्ही निवाडा दिला. वस्तू घेतलीच आहे, तर ती परत कर असे म्हणत नाही; पण पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे कोठे ठेवली ते आठव. स्मशानाजवळच्या शमीवर, नकुलाला चढवून. आणि कोणी फिरकू नये म्हणून झाडास प्रेत बांधले. गांडीव वापरणाऱ्याला ते लपवावे कसे हेही ठाऊक होते.

"म्हणजे प्रेत आणू काय अण्णा?" चिरंजीव म्हणाले. पण पुढच्या चौकात त्यांनी गाडी वळविली व एक पोलादी पेटी घेतली.

रात्री पेटी कपाटात भिंतीला खिळविली गेली. आकड्यांचे कुलूप लावताना चिरंजीवांनी कोणता आकडा घातला, असे आम्ही विचारले. नातवाचे जन्मवर्ष! आम्ही दारात उभ्या असलेल्या नातवास हाक मारली. "बाळ, बाबांचा फोन कसा उघडतोस रे?" त्याने तेच चार आकडे घडाघडा म्हणून दाखविले. संगणकाचा तोच, दूरदर्शनचा तोच, गॅरेजच्या दाराचाही तोच.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. आकडा बदलला. काडतुसे निराळ्या पेटीत गेली, आणि तिची किल्ली सूनबाईंनी काही न बोलता आपल्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवली. त्या रात्री भांड्यांचा आवाज झाला नाही.