रिपोर्ट नॉर्मल आहेत

कर्करोगावरचे माझे उपचार संपल्याची तारीख घरच्यांना पक्की आठवते. रेडिएशनचा शेवटचा दिवस, येताना आणलेले पेढे, सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग. मला मात्र ती तारीख विचारू नका, फाईल काढावी लागेल. पुढे केस परत आले, जन्मभर सरळ असलेले केस चक्क कुरळे होऊन आले, आणि जिन्यात भेटणारी प्रत्येकजण म्हणू लागली, "छान दिसतेस गं! आता अगदी बरी झालीस ना?" हो म्हणून टाकते. जे उरलंय ते जिन्यात उभ्या उभ्या दाखवता येण्यासारखं नाही.

मी आधी कधी थकत नव्हते असं नाही. डोंबिवलीहून दादर गाठून, पतपेढीत दिवसभर आकडे जुळवून, परतीच्या लोकलमध्ये गवार मोडत येणारी बाई थकणारच. पण तो थकवा झोपेचं ऐकायचा. रात्री पाठ टेकली की सकाळी निघून गेलेला असायचा. हा ऐकत नाही. रात्रभर झोपून उठावं आणि दात घासताना बेसिनचा काठ धरावा लागावा, अंघोळ करून आलं की केस पुसण्याआधी पलंगावर बसावं लागावं, अशी याची तऱ्हा. आमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ ठरलेली आहे, तेवढ्यात पिंपं भरून घ्यायची. तसं सकाळी थोडा वेळ अंगात बळ येतं. ते कधी जाणार, याची नोटीस मात्र कुणी लावत नाही. एखादा दिवस बरा निघाला की मी हावरटासारखी माळा आवरायला घेते, आणि मग माळ्याचं व्याज फेडत आडवी पडते.

डोक्याचं आणखी वेगळंच. पोळी तव्यावर फुगलेली, हात पुढे केलेला, आणि लेकाला सांगायचंय की उलथणं दे. तोंडातून निघतं, "ते दे रे, ते... पोळीचं." आमटीत मीठ दोनदा पडतं. बँकेचा ओटीपी फोनवरून कॉम्प्युटरपर्यंत नेताना सहापैकी तीन आकडे वाटेत सांडतात. ज्या बाईला अर्ध्या सभासदांचे खातेक्रमांक तोंडपाठ होते, तिचं हे. दोन माणसं एकदम बोलू लागली की मला दोघांचंही कळेनासं होतं, आणि आमच्या घरात एका वेळी एकच माणूस बोललंय असं कधी झालेलं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12, डी. ते करून घ्यायलाच हवं, यातलं काही कमी निघालं तर त्यावर इलाज आहे. माझं सगळं नीट निघालं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, वयानंही होतं थोडं." मी पिशवी उचलून बाहेर आले आणि लिफ्टमध्ये कुठल्या मजल्याचं बटण दाबायचं ते विसरले.

हे असं सांगणाऱ्या बायका माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांचं सांगणं ताण, निराशा, पाळी जाण्याचा काळ अशा कप्प्यांत टाकून दिलं जात असे. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांच्या स्मरणाच्या, लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. खूप मोठ्या मात्रेत केमो घेतलेल्यांपैकी 32 टक्के, नेहमीच्या मात्रेत घेतलेल्यांपैकी 17 टक्के आणि केमो मुळीच न घेतलेल्यांपैकी 9 टक्के बायका अडखळताना दिसल्या. ते 9 टक्के मला महत्त्वाचे वाटतात. सगळं खापर केमोवर फोडून चालत नाही. आजार स्वतः, शरीरात उठलेला दाह, भूल, उडालेली झोप, इस्ट्रोजेनचा आधार काढून घेणारी औषधं, सगळेच हात लावतात. टॅमॉक्सिफेनची गोळी तर पाच वर्षं, कुणाला दहा वर्षं रोज घ्यायची. तिच्यामुळे रात्री अंगातून वाफा निघतात, पंखा पाचवर, शेजारी नवरा गोधडीत.

पण मला खरा धीर दिला तो अमेरिकेतल्या दोन जुळ्या बहिणींनी. साठ वर्षांच्या, एकसारख्या जुळ्या. एकीला स्तनाचा कर्करोग झाला, केमो झाली, दुसरी निरोगी. 2007 साली त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. चाचण्यांत दोघींचे गुण जवळपास सारखे. तक्रार मात्र केमो झालेलीचीच जास्त. मग स्मरणाचं काम करत असताना दोघींच्या मेंदूची चित्रं काढली, तर तेच काम करायला केमो झालेलीच्या मेंदूचा कितीतरी मोठा भाग जुंपलेला दिसला. म्हणजे उत्तर तिचंही बरोबर येत होतं, पण बहिणीला जे दोन खोल्यांत जमत होतं त्यासाठी हिला अख्ख्या वाड्यात दिवे लावावे लागत होते. एका जोडीवरून नियम निघत नाही, हे मलाही कळतं. तरी ते वाचून मला जो आनंद झाला तो सभ्य बाईला शोभणारा नव्हता. रिपोर्ट नॉर्मल येतात ते का, आणि मी दुपारी दोनला संपते ती का, दोन्ही एकाच पानावर.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसायची मुभा आहे. कुरळे केस, कपाळावर टिकली, हातात डबा, अशी मी चढले की नजरा फिरतात. एक काका अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, लेडीज डबा पुढे आहे." मी कागद काढून दाखवला. ते सरकले, जागा केली, आणि कल्याणच्या कुठल्याशा वैद्यांचा काढा सांगू लागले. लक्षात ठेवते म्हटलं.

घरात काय झालं ते जास्त गमतीचं. माझं डोकं अडखळू लागल्यावर कळलं की आख्खं घर त्यात ठेवलेलं होतं. सासऱ्यांची बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, गॅस कधी लावला, दुधाचे किती दिवस खाडे, आत्याबाईंच्या नातवाच्या मुंजीत आहेर काय केला होता, लेकाला कुठल्या औषधाची पुरळ उठते. कुणी कधी कुठे लिहिलंच नव्हतं, मी होते ना. पहिले काही महिने सगळे मलाच विचारत राहिले आणि मी चुकीची उत्तरं देत राहिले. मग कालनिर्णय भिंतीवरून खाली उतरला आणि जेवणाच्या टेबलावर आला. नवऱ्याने त्यात दुधाचे खाडे लिहायला सुरुवात केली. सासरे गोळ्यांच्या पाकिटांवर स्वतःच्या हाताने वेळा लिहितात. पतपेढीतही जुळवणीचं काम मी सकाळी मागून घेतलंय, दुपारी फक्त सह्या आणि शिक्के.

सासूबाईंचा एकच सल्ला, "अगं, पड जरा." त्यात माया आहे, पण या थकव्याला पडून राहणं मानवत नाही, उलट तो फोफावतो. आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल-न लागेल असं चालणं, आणि तेही बारा आठवडे तरी नेटाने, असं 2019 पासून या विषयातले तज्ज्ञ सांगतात. मी सकाळी फडके रोडने गणपतीच्या देवळापर्यंत जाते. सुरुवातीला अर्ध्या रस्त्यात दुकानाच्या पायरीवर बसून परत यायचे. आता देवळात पोचते, कधीकधी प्रदक्षिणाही होते. उलथणं अजून अधूनमधून हरवतं.

आहेराची नवी वही लेकाकडे दिली आहे. त्याचं अक्षर लावता लावता माझी सकाळ जाते, आणि मावशींच्या नावापुढे त्याने पाचशेचे पाच हजार करून ठेवलेत. त्यांच्या नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. बघू या काय करतात.