रेकॉर्डरचे पैसे वसूल झाले का?

२०१३च्या सुमारास पुण्यात जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. आमच्या केबलवाल्याने दोन बॉक्स दाखवले: एक साधा, दुसरा हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग करणारा. दुसरा बराच महाग होता, शिवाय दरमहा जादा भाडं. तरी आम्ही तोच घेतला, तो आईसाठी.

संध्याकाळी सात ते नऊ आई ओट्यापाशी असायची आणि तिच्या आवडत्या मालिका नेमक्या त्याच वेळेत. हातात लाटणं घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात यायची, उभ्यानेच एखादा प्रसंग बघायची आणि तव्यावरची पोळी करपेल म्हणून परत वळायची. वर्षानुवर्षं तिने मालिका अशा तुकड्यातुकड्यांनी बघितल्या होत्या.

रेकॉर्डर आल्यावर मालिका एकदा लावून दिली की रोजचा भाग आपोआप साठायचा. मागचं सगळं आवरून आई निवांत बसायची आणि जाहिराती पुढे सारत अर्ध्या तासाचा भाग वीसेक मिनिटांत बघायची. बॉक्समध्ये दोन ट्यूनर होते, त्यामुळे इकडे मालिका रेकॉर्ड होत असताना बाबांना क्रिकेट बघता यायचं. एकच टीव्ही असलेल्या घरात ही फार मोठी सोय होती.

खर्च मात्र भाड्यावर थांबत नाही. एचडीमधल्या तासाभराच्या कार्यक्रमाला साधारण तीन-चार जीबी जागा लागते, म्हणजे जुनं पुसत राहावं लागतं. ऐन वेळी वीज गेली की तेवढा भाग हुकतो. शिवाय रेकॉर्डिंग त्या बॉक्सलाच बांधलेलं असतं. आमची हार्ड डिस्क बिघडली तेव्हा बॉक्स बदलून मिळाला, पण स्थानिक वाहिनीवर दाखवलेला भाचीचा गणेशोत्सवातला नाच कायमचा गेला. त्याचं वाईट आजही वाटतं.

२०१९मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या दररचनेने पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर ही कमाल मर्यादा ठरवली आणि सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे दिसू लागले. मग रेकॉर्डरचे पैसेही आम्ही नीट मोजले. आईचा रोजचा निवांत तास समोर ठेवला, तेव्हा ते जास्त वाटले नाहीत.

आता बहुतेक मराठी मालिका अ‍ॅपवर हव्या तेव्हा दिसतात. घरी चांगलं इंटरनेट असेल आणि बघणाऱ्याला अ‍ॅप सहज हाताळता येत असेल, तर रेकॉर्डरवर वेगळा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण नेट धड चालत नसेल, घरातल्या वडीलधाऱ्यांना रिमोटच सोयीचा असेल, तर जरूर घ्या. घेण्याआधी ट्यूनर किती, भाडं किती, डिस्क बिघडली तर खर्च कोणाचा आणि रिचार्ज संपल्यावर जुनं रेकॉर्डिंग दिसणार का, एवढं विचारून घ्या. आणि घ्यायचा की नाही हे ठरवताना घरात टीव्ही उभ्याउभ्या बघणाऱ्या माणसाचं मत आधी घ्या.