डुलणारी ओम्नी

ओम्नी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी सिनेमातले किडनॅपिंगचे सीन आठवतात. सासवडचा माझा मामा मात्र त्याच गाडीवर घर चालवतो. हंगामाप्रमाणे अंजीर नाहीतर सीताफळ भरायचं, पहाटे दिवे घाट उतरायचा, मार्केट यार्डात माल टाकायचा आणि परत. २०१९ मध्ये ओम्नी बनायची बंद झाली, तरी मामाला ती सोडवत नाही. दुसरी घेणं परवडतही नाही, हे जास्त खरं.

तर ही गाडी मागून डुलायला लागली. पावसाळ्यात एकदा भरल्या गाडीचं डावं मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली आपटलं होतं. रिम वाकली, ती बदलली, विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. नंतर डुलणं सुरू झालं तेव्हा दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट आणि एक नवा टायर एवढं झालं. फरक शून्य. मग एका मिस्त्रीने "हाउसिंग गेलंय, गाडी विकून टाका" असं सांगितलं आणि मामाचा मला फोन आला. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत गेलेल्या भाच्याचा तेवढाच काय तो उपयोग!

शनिवारी पोचलो आणि आधी नुसती गाडी चालवली. हादरा कसला आहे हे कानापेक्षा बुडाला लवकर कळतं. पुढच्या चाकात दोष असेल तर तो बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो. इथे स्टिअरिंग शांत आणि सीट हलत होती. ओम्नीचं चाक लहान, किलोमीटरला साधारण ६०० फेरे. म्हणजे ताशी ५० ला सेकंदाला आठ. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण पाचपट फिरतो, त्याचा दोष असेल तर गुणगुण ऐकू येते. हे तर सरळ हेलकावे होते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पाहिली, तरी तेच. म्हणजे इंजिन सुटलं. हळू ब्रेक दाबला की पेडल पायाखाली वरखाली होत होतं. संशय मागच्या चाकांवर.

मग डावं आणि उजवं मागचं चाक आपसात बदललं. दोष चाकासोबत उजवीकडे गेला असता तर रिम किंवा टायर दोषी. तो डावीकडेच राहिला. हे करायला ना यंत्र लागतं ना पैसे, तरी दोन महिन्यांत कुणी केलं नव्हतं याचं मला अजून नवल वाटतं.

पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, डावी बाजू जॅकवर घेऊन स्टँड दिला. चाक वर-खाली धरून हलवलं. बेअरिंगमध्ये खेळ नव्हता. ड्रम काढला. भोसरीतल्या मित्राकडून मागून आणलेला डायल गेज फ्लँजच्या तोंडाला टेकवला आणि शाफ्ट हाताने फिरवला. एका फेऱ्यात काटा दीड मिलिमीटरच्या आसपास गेला आणि परत आला. उजव्या बाजूला तो जेमतेम हलला. हाउसिंगला काही झालं नव्हतं.

आता खरा वाद. गावातला लेथवाला शाफ्ट दाबून सरळ करून द्यायला सहाशे रुपये म्हणाला. मामा म्हणाला, "अरे, सहाशेत होतंय तर नवा कशाला?"

रास्त प्रश्न आहे. मोठ्या ट्रकमध्ये मागचा शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन हाउसिंग आणि हबवर असतं. तो तुटला तर ट्रक जागेवर थांबतो. ओम्नीत चाक थेट शाफ्टच्याच फ्लँजवर बसतं, म्हणजे वजनही शाफ्टच पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निघून जातं. शिवाय फिरताना शाफ्टची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते, आणि अर्ध्या फेऱ्यात उलट. मामाच्या ६० किलोमीटरच्या खेपेत असं ३६ हजार वेळा. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने रेल्वेचे आस वर्षानुवर्षं फिरवून दाखवलं, की एका झटक्यात न तुटणारं लोखंड कमी भाराखालीही पुन्हा पुन्हा वाकवलं की तुटतं. त्यातून वरून कडक केलेला शाफ्ट एकदा वाकवून परत सरळ केला तर वाकल्या जागी डोळ्यांना न दिसणारी चीर राहू शकते.

व्होलर मी मामाला सांगितला नाही. अंजिराच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चाक, शाफ्ट आणि बेअरिंग काढून दाखवलं. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "राहू दे. रविवारी पोरं बसतात मागे."

रविवारी काम. नव्वद नंबर ऑइल काढलं, ब्रेकची नळी सोडवली, बॅकप्लेटचे चार नट काढले. शाफ्ट काही निघेना. बोलावलेल्या दुसऱ्या मिस्त्रीने ड्रम उलटा लावला, नट अर्धेच चढवले आणि ड्रम धरून हिसके दिले. तिसऱ्या हिसक्याला शाफ्ट बाहेर! (हे कुठल्या सेमिस्टरला होतं?) जुना शाफ्ट लेथच्या सेंटरमध्ये धरून पाहिला, तर दांडा सरळ होता आणि बाक फ्लँजच्या मुळाशी. नव्या शाफ्टवर नवं बेअरिंग आणि नवी रिंग प्रेसवर बसवून आणली. जुनी रिंग पुन्हा वापरायची नाही. बेअरिंगला जागेवर धरणारी तीच. सील नवं, ऑइल नवं, मग ब्रेकमधली हवा काढली. सगळं सामान चार हजारांच्या आत. गेज पुन्हा लावला, काटा जवळपास जागेवर.

संध्याकाळी मामाने स्वतः घाट उतरून-चढून आणली. खाली आल्यावर काही बोलला नाही, फक्त मामीला म्हणाला, उद्या चाळीस खोकी भर.

महिन्याभराने नट तपासायला गेलो होतो. डावी बाजू कोरडी आहे. उजव्या ड्रमच्या आत मात्र ऑइलचा ओलसरपणा दिसतोय. ते सील पुढच्या शनिवारी.