ब्राइस कॅन्यनचा मुक्काम

अमेरिकेंतील युटा राज्याच्या दक्षिण भागीं, समुद्रसपाटीपासून सुमारें आठ हजार फूट उंचीवर ब्राइस कॅन्यन नांवाचें एक अद्भुत स्थळ आहे. कॅन्यन म्हणजे वस्तुतः नदीनें कोरलेली खोल दरी. परंतु येथें तशी कोणतीही मोठी नदी वाहत नाहीं. पठाराची कड झिजत जाऊन तिच्यांत प्रचंड अर्धवर्तुळाकार खोलगट जागा झाल्या आहेत, आणि त्यांत तांबड्या, नारिंगी व पांढऱ्या दगडांचे सहस्रावधि सुळके उभे आहेत. एबेनेझर ब्राइस नांवाचा स्कॉटलंडांत जन्मलेला एक वसाहतवाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें गुरें पाळून राहिला, त्याचें नांव या स्थळास पडलें. १९२८ सालीं हें राष्ट्रीय उद्यान झालें.

गेल्या सप्टेंबरअखेर चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्हीं तेथें तीन दिवसांचा मुक्काम केला. मुक्काम म्हणजे हॉटेलांत नव्हे, तर चाकांवरच्या घरांत. या ट्रेलरचें तोंड पिकअप गाडीच्या हौद्यांत अडकवून तो ओढून न्यावयाचा. मुक्कामीं पोंचल्यावर गाडी सोडवावयाची. गाडी सुटली कीं ट्रेलरचा पुढचा सारा भार दोन लोखंडी पायांवर येतो. हे पाय खालींवर करण्यासाठीं बारा व्होल्टची एकच मोटार असते. ती एक आडवा दांडा फिरवते व दोन्ही पायांतले आटे एकदम चालतात. कळ दाबली कीं काम झालें, असें चिरंजीव मला प्रवासभर सांगत होते.

सायंकाळीं पाइन वृक्षांच्या राईंतील आमच्या जागीं पोंचलों. या तळावर विजेची जोडणी मिळत नाहीं. जें काय करावयाचें तें ट्रेलरच्या बॅटरीवर. चाकांना अटकाव लावून चिरंजिवांनीं कळ दाबली. पाय झरझर खालीं आले, भूमीस टेकले, आणि भार घेण्याची वेळ येतांच मोटार कण्हूं लागली व थांबली. पांच मिनिटांनीं पुन्हां कळ दाबली, तेव्हां दोन बोटें उचललें व पुन्हां थांबलें. आमचा सात वर्षांचा नातू काय झालें हें पाहण्यासाठीं ट्रेलरखालीं शिरूं लागला, त्याला मीं दंड धरून मागें ओढलें. अडलेल्या पायांवर भार असतां त्याखालीं कोणीं जातां कामा नये, हें सांगण्यास यंत्रशास्त्र शिकावें लागत नाहीं.

“मोटार गेली,” चिरंजीव म्हणाले. “नवी मागवतों. कांहींशें डॉलर जातील.” मीं कांहीं विचारणार, तोंच, “नाना, तुम्ही आंत बसा, थंडी फार आहे.” म्हाताऱ्या माणसास हें वाक्य प्रेमानें बोललें जातें, पण लागतें. मीं आंत गेलों नाहीं. मोटार बंद पडल्यास हातानें फिरवावयाचा एक दांडा असतो, तो बाहेर काढून आम्हीं बापलेकांनीं आळीपाळीनें फिरवला. तेथील विरळ हवेंत दहा फेऱ्यांतच मला धाप लागली. पण गाडी सुटली.

रात्रीं झोंप येईना. पाय अधांतरीं असतां मोटार झरझर फिरली होती. म्हणजे आट्यांत किंवा दांड्यांत अडकाठी नसावी, कारण ती असती तर मोकळे पायही रेंगाळले असते. मग उणें कशाचें? नोकरीच्या काळांत संस्कृताबरोबर विज्ञानाचा तासही क्वचित् माझ्या माथीं येई, त्यांतला ओहमचा नियम आठवला. भार पडला कीं मोटार प्रवाह फार ओढते. वाटेंत ओहमचा दशांश जरी विरोध असला, तरी पंचवीस अँपिअर प्रवाहांत अडीच व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. मोकळ्या पायांना हें जाणवत नाहीं, भार घेणाऱ्या पायांना जाणवतें.

सकाळीं बादलींतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. शेजारच्या ट्रेलरमधील वृद्ध गृहस्थांनीं आपला व्होल्टमीटर दिला. ट्रेलर पुन्हां गाडीस जोडून, पायांवर थोडाच भार घेऊन आम्हीं मोजणी केली. सूनबाईंनीं कळ दाबावी, चिरंजिवांनीं मीटर धरावा, मीं आंकडे लिहावे. स्वस्थ असतां बॅटरी साडेबारा व्होल्ट. कळ दाबल्यावर बॅटरीपाशीं बारा, पण मोटारीपाशीं नऊच! मोटारीची शक्ति साधारणपणें व्होल्टच्या वर्गानें कमी होते. म्हणजे १४४ च्या जागीं ८१. बिचारी कण्हणार नाहीं तर काय करील?

मग तीन व्होल्ट गेले कोठें? जाणाऱ्या तारेंत ०.४, आणि परतीच्या वाटेंत २.६. बहुतेक लोक जाणारी तार, फ्यूज व कळ तपासतात. परतीची वाट ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यांतूनच असल्यामुळें ती कोणास दिसत नाहीं. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक येथें कामीं आला. गाडींतली जाड जंपर केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट मोटारीच्या परतीच्या तारेस लावली, आणि पाय सहज उचलला. केबल काढली, पुन्हां कण्हणें. चिरंजीव माझ्याकडे पाहूं लागले. बोलले मात्र कांहीं नाहींत.

बॅटरी सोडवून, परतीची तार सांगाड्यास ज्या बोल्टानें आवळली होती तो काढला. खालीं रंग व त्यावर गंजाचें कवच. सांधा पॉलिश कागदानें घासून लख्ख केला, घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलें. मोटारीपाशीं आतां ११.४ व्होल्ट.

दुपारीं सनराइज पॉइंटवर उभे राहिलों. त्या सुळक्यांचें कारण असें कीं दिवसा बर्फ वितळून पाणी भेगांत शिरतें, रात्रीं गोठून शेंकडा नऊ फुगतें व दगड फोडतें. वर्षांतून दीडशेंहून अधिक दिवस हें चालतें. दक्षिण पायूट लोकांची कथा निराळी: दुर्वर्तनी प्राण्यांना कायोटी या मायावी कोल्ह्यानें शिळा करून टाकलें. नातवाला मीं अहल्येची गोष्ट सांगितली. त्यानें विचारलें, “मग यांना सोडवायला कोण येणार?” मला उत्तर सुचलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पाय एका दमांत वर गेले. वाटेंत पँग्विच गांवीं चिरंजीव एका दुकानांत शिरले व एक व्होल्टमीटर आणि आट्यांसाठीं वंगणाचा डबा घेऊन आले. नव्या मोटारीची मागणी त्यांनीं आदल्या रात्रींच रद्द केली होती, हें मला सूनबाईंकडून कळलें.