नानांची बुलेट आणि तेलाचा प्रश्न

लश्करातल्या आमच्या घराच्या देवडीत एक बुलेट उभी असते. नानांनी ती १९७९ साली घेतली आणि २०१४ साली ते गेले तोवर तिच्या तेलाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. चालवायला कोणालाही देत. तेल मात्र स्वतः बदलीत. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला. पूजा आटोपली की जुना पायजमा चढवून ते गाडी बाड्यापर्यंत फिरवून आणीत, इंजिन नीट तापले की खाली परात सरकवीत आणि मगच बोल्ट सैल करीत. तापलेले तेल पातळ होते आणि निघताना गाळही बरोबर घेऊन जाते, गार तेल गाळ मागे ठेवून एकटेच निघते, हे त्यांनी आम्हांला इतक्या वेळा ऐकवले असेल की त्या वाक्याला आमच्या घरी सुभाषिताचे मोल आले होते. परात अर्थातच स्वयंपाकघरातली असे, आणि त्यावरून आईचे आणि त्यांचे वर्षातून दोनदा ठरलेले भांडण होई. रिकाम्या डब्याला ते खिळ्याने चारपाच भोके पाडीत आणि मगच तो भंगारवाल्याला देत. धड डबा दिला की तोच पुन्हा भरून विकला जातो, अशी त्यांची खात्री होती, आणि त्या काळातला तेलाचा बाजार पाहता ती अगदीच निराधार नव्हती.

नानांच्या पश्चात बुलेट आमच्याकडे आली, पण पाडवा-दसऱ्याचा नेम काही आमच्याकडे आला नाही. पुढल्या ८ वर्षांत तेल दोनदा बदलले असेल. गाडी फारशी फिरतच नव्हती. मग तेल कशाला खराब होईल, असे आम्ही स्वतःला समजावीत होतो. २०२२ च्या दिवाळीत आमचा भाचा पुण्याहून आला. त्याच्याकडे नवी मोटारसायकल आहे आणि तिच्याविषयी तो आमच्या पिढीतले लोक नाट्यसंगीताविषयी बोलत तितक्या अधिकाराने बोलतो. त्याने तेलाची सळई ओढून पाहिली, बोटावरचा काळा थर आम्हांला दाखवला आणि म्हणाला, "मामा, ह्या वयात तरी तिला चांगलं खायला घाला. एकदा फुल सिंथेटिक घाला आणि विसरून जा."

त्या वाक्यातला कोणता शब्द आम्हांला अधिक भावला हे आता सांगण्यात संकोच कसला? 'विसरून जा' हाच. दुप्पट-अडीचपट दाम मोजले तर एक कर्तव्य वर्षभरापुरते फिटते, आणि वर वडिलांच्या वस्तूला भारीतले भारी दिल्याचे समाधान मिळते! दुसऱ्याच दिवशी आम्ही १०डब्ल्यू-४० प्रतीच्या तीन बाटल्या आणल्या. नानांच्या डब्यावर वर्षानुवर्षे २०डब्ल्यू-५० लिहिलेले असे, हे आठवत होते. पण तो जुन्या काळाचा हट्ट असावा असे आम्ही मनाशी ठरवले.

पुढे जे झाले त्यानंतर आम्ही ह्या विषयाचे थोडे वाचन केले. ते आधी करायला हवे होते, हे वाचकांना सांगायला नकोच. खनिज तेल म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर उरलेल्या जड भागातून काढलेले तेल. तो भाग निर्वात मनोऱ्यात पुन्हा वेगळा करतात, त्यातले मेण काढतात. तरी त्यात लहानमोठे, वेड्यावाकड्या आकारांचे रेणू राहतातच. सिंथेटिक तेलात हे रेणू घडवलेले असतात. त्याचा एक प्रकार इथिलीन वायूपासून सुरुवात करून, कडीला कडी जोडून तयार करतात. त्यामुळे सगळे रेणू जवळपास एका मापाचे. असे तेल उष्णतेत लवकर करपत नाही आणि थंडीत गोठून बसत नाही. मात्र बाटलीवर सिंथेटिक लिहिलेले प्रत्येक तेल असे मुळापासून घडवलेले असते, असेही नाही. कच्च्या तेलाच्याच जड भागावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचे रेणू मोडून नव्याने बांधतात, त्या तेलालाही हे नाव चालते. अमेरिकेत १९९९ साली दोन बड्या तेल कंपन्यांत ह्यावरून वाद झाला आणि जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने त्या तेलाला सिंथेटिक म्हणवून घेण्याची मोकळीक दिली. ते वाईट असते असे नव्हे. बहुतेक कामांना ते उत्तमच असते. पण नावाला भुलून दाम मोजणाऱ्या आमच्यासारख्यांनी एवढे माहीत करून घेतलेले बरे.

त्या आकड्यांचेही तसेच. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे. २०डब्ल्यू तेलाचा थंडीतला दाटपणा तपासतात तो उणे १५ अंशांवर आणि १०डब्ल्यूचा उणे २५ अंशांवर. आमच्या ग्वाल्हेरची थंडी बोचरी खरी, जानेवारीत पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली. पण उणे १५ म्हणजे काय हे आमच्या बुलेटने कधी पाहिलेले नाही. तिने पाहिला आहे तो मे महिना, ४५ अंशांचा. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले, त्याची गरज पडावी असा दिवस ह्या शहरात उगवतच नाही.

ह्याहून मोठी गोष्ट होती ती गाडीची घडण. बुलेट मद्रासला तयार होऊ लागली ती १९५५ च्या सुमारास, आणि तिचा आराखडा मूळचा विलायतेतला, त्याच काळचा. बिडाच्या सिलिंडरचे ते ३४६ सीसीचे इंजिन २००९ च्या सुमारास नवे इंजिन येईपर्यंत फारसे बदलले नाही. त्यात तेलाची तीन घरे तीन ठिकाणी: इंजिनाचे वेगळे, क्लच आणि साखळीच्या पेटीचे वेगळे, गिअरपेटीचे वेगळे. सिंथेटिकने क्लच घसरतो अशी भीती आम्हांला एका शेजाऱ्यांनी घातली होती. आमच्या गाडीत इंजिनाचे तेल क्लचपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती भीती फोल होती. भाच्याच्या गाडीत मात्र इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात, म्हणून तिथे बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही अक्षरे पाहूनच तेल घ्यावे लागते. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल त्यात ओतले तर क्लच खरोखरच घसरू लागतो, मग ते तेल कितीही महाग असो.

आमच्या बुलेटचा धोका वेगळ्या जागी होता. तिचे सुमारे सव्वादोन लिटर तेल इंजिनाच्याच ओतिवात एका बाजूला केलेल्या कप्प्यात राहते. एक पंप ते कामाच्या जागी पाठवतो, दुसरा खाली साचलेले तेल उपसून परत कप्प्यात टाकतो. ४० वर्षे चाललेल्या गाडीचे पंप थोडे सैल होतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल त्या सैल जागेतून थेंब थेंब पाझरून खाली, क्रँकच्या घरात उतरते. दाट तेल सावकाश उतरते, पातळ तेल भराभर. तापलेल्या इंजिनात ही दोन तेले एकमेकांच्या बरीच जवळ असतात; गार, उभ्या गाडीत २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-४० पेक्षा पुष्कळच दाट असते. आणि आमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस गार आणि उभीच असते.

दिवाळीपासून पाडव्यापर्यंत ती दोनदा बाहेर पडली. २०२३ च्या पाडव्याला आम्हांला नानांची आठवण झाली आणि गाडी काढावीशी वाटली. सळई ओढली तर तिच्या टोकालाही तेल नाही! एवढे तेल कुठे गेले, असा प्रश्न आम्हांला पडायला हवा होता. तो पडला नाही. उरलेल्या बाटलीतले जवळजवळ सगळे तेल आम्ही वरून ओतले. किक दगडासारखी जड लागली. आठदहा प्रयत्नांनी इंजिन सुरू झाले आणि देवडीत निळा धूर कोंडला. पाठोपाठ हवा सुटण्याच्या नळीतून तेलाची अशी पिचकारी उडाली की सुनेने गुढीसमोर पहाटे उठून काढलेल्या रांगोळीचा अर्धा भाग तेलात गेला. तेल कुठेच गेलेले नव्हते. ते सगळे खालच्या घरात जमा होते आणि आम्ही वर आणखी भर घातली होती. आई ८४ वर्षांची, माजघरातून तिने एवढेच विचारले, "ह्यांनी कधी असा धूर काढला होता का रे?"

शिंद्यांच्या छावणीतले उस्ताद ३० वर्षे ह्याच जातीच्या गाड्या उघडतात. गाडी हातगाडीवर घालून त्यांच्याकडे नेली. त्यांनी तेल काढले, तेल गाळण्याचा फेल्ट बाहेर ओढला आणि आमच्यासमोर जमिनीवर ठेवला. फेल्टचा मूळ रंग दिसतच नव्हता. काजळात गोंद कालवावा तसा चिकट गाळ त्याला लडबडला होता. उस्ताद म्हणाले, "बाबूजी, इसको तेल पिलाना था कि नहलाना था?" मग पानाचा तोबरा सावरून त्यांनी समजावले. ८ वर्षांचा गाळ आत बसलेला, नव्या तेलाने तो सोडवला आणि सगळा इथे आणून टाकला. इथली वाट चोंदली की कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचा बुश तेलावाचून जळतो. त्या बुशाला आधार तेलाच्या थराचाच. तो गेला की क्रँक उघडावा लागतो आणि तसे जुने काम करणारे हात आता शहरात मोजकेच राहिले आहेत. "सौ-दो सौ किलोमीटर और चला लेते, तो बाबूजी का इंजन गया था." बाबूजी म्हणजे नाना, त्यांनाही ते ह्याच शब्दाने हाक मारीत.

आम्ही त्या दिवशी सिंथेटिक तेलाला पुष्कळ दूषणे दिली. आता वाटते, ती अन्यायाची होती. गाळ तेलाने केला नव्हता, आम्ही केला होता. तेलात मळ सोडवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, ती आजच्या चांगल्या खनिज तेलातही असतात. तेही काही गाळ सोडवतेच. आणि गाडी फिरत नाही म्हणून तेल टिकते हा आमचा समज तर मुळातच उलटा होता. बाड्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतही नाही; आत धरलेले पाणी उडून जात नाही, न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, आणि सहा महिन्यांत ते तेल आंबते म्हणावे तसे होते. ह्याला कोणत्याही भारी रेणूचा इलाज नाही. सिंथेटिकचा खरा फायदा हजारो किलोमीटर न करपता टिकण्यात आहे. वर्षाला २०० किलोमीटर चालणाऱ्या आमच्या गाडीला तो फायदा घ्यायला जागाच नाही.

भाच्याने मात्र आपल्या गाडीत सिंथेटिकच घालावे, असे आम्ही त्याला फोनवर सांगितले, आणि मामा आपल्याला हे सांगतात ह्याचे त्याला हसू आले. त्याचे इंजिन मिनिटाला ९-१० हजार फेरे घेते, फटी बारीक, उष्णता फार, पुण्याच्या रहदारीत तासन्‌तास तापत उभे राहणे. तिथे खनिज तेल घालून चार पैसे वाचवणे हा कद्रूपणा होईल. हल्लीच्या बुलेटला तर कंपनीच अर्धसिंथेटिक १५डब्ल्यू-५० सांगते, आणि तेही योग्यच आहे; तिचे इंजिनच निराळे. जुन्यात जुनेच घालावे आणि नव्यात नवेच, इतका सोपा नियमही आम्ही मानत नाही. वरचेवर लांब जाणारी, नव्याने बांधून घेतलेली, पंप-सील धड असलेली जुनी बुलेट असेल तर योग्य दाटपणाचे सिंथेटिक तिला खुशाल घालावे. आमची तशी नाही.

उस्तादांनी कप्पा धुऊन काढला, पंप बदलले, नवा फेल्ट बसवला आणि २०डब्ल्यू-५० खनिज तेल भरले. पहिले तेल ३०० किलोमीटरवर बदलायचे, असे बजावले. ते ३०० किलोमीटर पुरे करायला आम्हांला रोज सकाळी गाडी काढावी लागली. किल्ल्याच्या पायथ्याला वळसा, तिथून मुरार, आणि परत. पहिल्या तेलात काळे कण निघाले, दसऱ्याच्या तेलात त्याहून कमी. त्यानंतर पाडवा आणि दसरा चुकलेला नाही.

गेल्या दसऱ्याला सोने वाटून आल्यावर आम्ही जुना पायजमा चढवला, गाडी फिरवून आणली आणि बोल्टाला पाना लावला. तेल धारेने उतरू लागले. रिकामा डबा बाजूला घेऊन आम्ही खिळा शोधत होतो, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "परात कुठली घेतलीस?"