उच्चाराची उतरंड

मराठी समाजात माणसाच्या शिक्षणाचा, घराण्याचा आणि कुवतीचा अंदाज बांधण्यासाठी ज्या खुणा नकळत पाहिल्या जातात, त्यांत एका अक्षराचा वाटा फार मोठा आहे. ‘पाणी’, ‘लोणी’, ‘कोण’, ‘आणि’ या शब्दांतला ‘ण’ ज्याच्या तोंडून ‘न’ असा ऐकू येतो, त्याचे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच त्याच्याविषयीचे मत ऐकणाऱ्याच्या मनात तयार होते, आणि ते इतके सहज तयार होते की आपण काही ठरवले आहे याची जाणीवही ऐकणाऱ्याला उरत नाही. ध्वनिशास्त्राप्रमाणे ‘न’ हा दंत्य अनुनासिक, म्हणजे जीभ वरच्या दातांच्या मुळाजवळ टेकवून नाकावाटे काढलेला ध्वनी होय, तर ‘ण’ हा मूर्धन्य अनुनासिक, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावून काढलेला ध्वनी होय. दोहोंत फरक आहे तो जीभ टेकण्याच्या जागेचा. त्यापैकी एक ध्वनी बुद्धीचा आणि दुसरा अज्ञानाचा ठरावा असे त्यांच्या घडणीत काहीही नाही. हेच ‘पानी’ हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी आले की ते निर्दोष असते आणि तेच ऐकणारे कान त्याला जराही अडखळत नाहीत. तेव्हा खटकतो तो ध्वनी नसून तो ज्याच्या तोंडून आला त्याचे समाजातले स्थान आहे, असे मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या अक्षराचा इतिहास पाहिला तर हा निवाडा किती ठिसूळ पायावर उभा आहे हे लक्षात येते. मराठीची पूर्वज मानली जाणारी महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे ‘गाथासप्तशती’ ज्या भाषेत रचली गेली ती, ‘न’चा जवळजवळ सर्वत्र ‘ण’ करीत असे. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या व्याकरणात तसा नियमच दिलेला आहे, आणि त्यानुसार ‘नयन’चे ‘णअण’ व ‘नगर’चे ‘णअर’ होते. पुढे मराठीने आपली वाट बदलली. शब्दारंभीचा ‘ण’ पुन्हा ‘न’ झाला, दोन स्वरांमधला एकेरी ‘ण’ बहुतेक टिकला, पण जोडाक्षरातून आलेला ‘ण’ मात्र ‘न’कडे वळला. म्हणूनच संस्कृत ‘कर्ण’ प्राकृतात ‘कण्ण’ आणि मराठीत ‘कान’ झाला, ‘पर्ण’चे ‘पान’ झाले आणि ‘सुवर्ण’चे ‘सोने’ झाले. या तिन्ही शब्दांत मूळचा ‘ण’ हरवला आहे, तरीही ‘कान’ म्हणणाऱ्याला कोणी अडाणी ठरवीत नाही, कारण हे परिवर्तन सर्वांच्या तोंडी झाले. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या बोलींनी त्याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले, एवढेच. भाषेचा प्रवाह एका ठिकाणी वळला तर तो विकास आणि दुसऱ्या ठिकाणी वळला तर तो बिघाड, असा भेद करणारा कोणताही नियम भाषाशास्त्रात नाही. तो समाजाने बाहेरून आणलेला आहे.

प्रमाण मराठी, म्हणजे शिक्षण, शासन आणि ग्रंथव्यवहार यांसाठी मान्य झालेले भाषेचे रूप, हीदेखील अनेक बोलींपैकी एका बोलीवर बेतलेली व्यवस्था आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, आणि शालेय पुस्तकांच्या मराठीवर मेजर थॉमस कँडी यांनी अनेक वर्षे हात फिरवला. या साऱ्या उद्योगात पदरी असलेले पंडित बहुतांशी ब्राह्मण होते, आणि पेशवाईच्या अस्तानंतरही विद्येचे केंद्र म्हणून पुण्याचा दरारा शिल्लक होता. त्यामुळे पुण्याच्या सुशिक्षित वर्गाचे बोलणे हाच नमुना ठरला. सत्तेचे व विद्येचे केंद्र अन्यत्र असते, तर दुसरीच बोली प्रमाण ठरली असती. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी वऱ्हाडातील रिद्धपूर येथे सिद्ध केले, आणि संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला नागदेवाचार्यांनी मराठीकडे वळवले ते सामान्य स्त्रियांना धर्म कळावा म्हणून. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. मात्र त्या परिसरातला तरुण ‘मी येऊन राहिलो’ असे म्हणाला की मुंबई-पुण्यातल्या मंडळींना अजूनही हसू येते. वास्तविक ‘येऊन राहिलो’ हे क्रिया चालू असल्याचे दाखवणारे रूप आहे, आणि प्रमाण मराठीतले नुसते ‘येतो’ हे नेहमीच्या क्रियेसाठीही व चालू क्रियेसाठीही वापरले जात असल्याने, या एका बाबतीत वऱ्हाडी रूप अधिक नेमके आहे. मराठवाड्यातल्या ‘करायलाय’चीही गोष्ट तीच. कोल्हापूरकडच्या स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात, कारण त्या बोलीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंगानुसार बदलत नाही; ही त्या बोलीच्या व्याकरणाची रीत आहे, तरी शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या मुलीला ती पहिल्या काही दिवसांतच टाकून द्यावी लागते.

प्रमाण बोलणारा वर्ग स्वतः लेखनाच्या नियमांशी किती प्रामाणिक असतो, हे पाहणेही उद्बोधक आहे. ‘श’ आणि ‘ष’ यांच्या उच्चारात फरक करणारा मराठी माणूस आज शोधून सापडणार नाही. ‘ऋ’ सर्वांच्या तोंडी ‘रु’ झाला आहे. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांतली ह्रस्व-दीर्घता कानाला जाणवत नाही. ‘केले’, ‘असे’, ‘घर बांधले’ ही लेखी रूपे घराघरांत ‘केलं’, ‘असं’, ‘घर बांधलं’ अशी बोलली जातात, आणि ललित लेखनाने ती कधीच सामावून घेतली. नियमापासूनचे हे ढळणे बोलण्यातला गोडवा म्हणून स्वीकारले गेले, कारण ढळणारा वर्ग नियम करणारा होता. इंग्रजी शाळेतून आलेल्या सुखवस्तू घरातील मुलाने हिंदीच्या वळणाने ‘माझी मदत कर’ म्हटले किंवा वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी वापरले, तर त्याच्या मराठीबद्दल हळहळ व्यक्त होते. त्याच्या बुद्धीबद्दल शंका कोणी घेत नाही. शेतमजुराच्या मुलाच्या ‘कोन हाय’ने मात्र थेट त्याच्या लायकीवरच बोट ठेवले जाते. या दोन प्रतिक्रियांमधले अंतर हेच या विषयाचे मर्म आहे.

बोलणाऱ्याचे स्थान आणि ध्वनी यांची ही सांगड समाजभाषाविज्ञानाने, म्हणजे भाषेतील भेद व समाजातील भेद यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्राने, अन्य देशांतही दाखवून दिली आहे. कॅनडात मॉन्ट्रियल येथे वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या त्याच व्यक्तींचे इंग्रजी व फ्रेंच वाचन श्रोत्यांना ऐकवले गेले. आवाज एकाच माणसाचे आहेत हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते, आणि इंग्रजी वाचन करणारा त्यांना अनेक गुणांत सरस वाटला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की फ्रेंच मातृभाषा असलेल्या श्रोत्यांनीही तोच कौल दिला. तुच्छ लेखला गेलेला समाज आपल्याविषयीचे दुसऱ्यांचे मत आपलेसे करतो, तेव्हा तो घाव सर्वांत खोल जातो. मराठीत त्याची खूण म्हणजे अतिशुद्धीकरण, म्हणजे चूक होईल या धास्तीने जिथे नियम लागत नाही तिथेही तो लावणे. ‘न’ म्हटल्यावर एकदा हसे झाले की बोलणारा ‘मन’लाही ‘मण’ म्हणू लागतो, आणि मग त्या ‘मण’लाही हसले जाते. ज्याला आपल्या जिभेवर चोवीस तास पहारा ठेवावा लागतो, त्याचे विचाराकडे लक्ष राहत नाही. सभेत, मुलाखतीत, वर्गात तो शक्यतो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे पुन्हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून नोंदले जाते.

या संघर्षाचा आरंभ एकोणिसाव्या शतकातच झाला होता. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाजाचे लेखन यांवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त टीका केली, तेव्हा व्याकरणाचे दोष हे तिचे एक मुख्य हत्यार होते. चिपळूणकरांची गद्यशैली मराठीचे भूषण आहे यात शंका नाही, परंतु शेतकऱ्याच्या पिळवणुकीविषयी कोणी काही मांडत असताना त्याच्या विभक्ती तपासत बसणे हे प्रश्न टाळण्याचे साधन होते, आणि ते साधन आजही तितक्याच सफाईने वापरले जाते. ज्याचा युक्तिवाद खोडता येत नाही त्याचे शुद्धलेखन खोडायचे, हा मार्ग फार जुना व फार अन्यायाचा आहे.

साहित्याने ही कोंडी फोडण्याचे मोठे काम केले, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांच्या खानदेशी लेवा बोलीतल्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्या आचार्य अत्रे यांच्या पाठबळाने, आणि एका शेतकरी स्त्रीच्या बोलीत एवढे तत्त्वचिंतन सामावू शकते हे पाहून शिष्ट वाचक थक्क झाला. पण त्या थक्क होण्यातही, अशा बोलीतून असे काही येणार नाही, हे गृहीत धरलेलेच होते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये वऱ्हाडी घराचे दुःख वऱ्हाडीत बोलू दिले. तरीही बहुसंख्य ग्रामीण कथा-कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत अशी वाटणी दीर्घकाळ राहिली. पाहणारा व अर्थ लावणारा प्रमाण बोलतो, आणि ज्याच्याकडे पाहिले जाते तो बोली बोलतो, अशी छापील पानावरही एक उतरंड तयार झाली. ती सर्वांत निर्भयपणे मोडली नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ने. १९७२ च्या या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांसारख्या मुंबईच्या लेखकालाही कित्येक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले, कारण ती भाषा कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतली होती. एरवी जिला शिवराळ म्हणून बाजूला सारले जाते, त्या रस्त्यावरच्या भाषेत केवढी अचूकता आणि केवढा संताप साठलेला असतो, हे त्या कवितेने दाखवले. महाविद्यालयीन तरुणांची कट्ट्यावरची भाषाही सांकेतिक व नियमबाह्यच असते, पण ती वयाचा खेळकरपणा ठरते, आणि हमालाची, भाजीवाल्याची, गिरणी कामगाराची भाषा मात्र संस्कारांचा अभाव ठरते.

रंगभूमी आणि पडदा यांनी या बाबतीत दुहेरी भूमिका बजावली. नोकर, शिपाई, मोलकरीण आणि विनोदी पात्र यांना बोली द्यायची व नायक-नायिकेला प्रमाण भाषा, हा संकेत इतका रुळला की खेड्यात घडणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेतली शेतकऱ्याची मुलगीही पुण्यात वाढल्यासारखी बोलते आणि कोणाला त्यात विसंगती दिसत नाही. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी प्रेमकथेची नायिका आणि नायक दोघांनाही सोलापूर भागाची बोली बोलू दिली, आणि त्या बोलीत प्रेम, हट्ट, माज व भय हे सारे भाव प्रेक्षकांनी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येने गंभीरपणे ऐकले. तो आनंद खरा होता. त्यानंतर त्या धाटणीचे बोलणे शहरी तरुणांत काही काळ हौसेने चाललेही. परंतु हौसेने बोली बोलणारा हवे तेव्हा प्रमाण भाषेत परत येऊ शकतो, आणि ज्याची ती एकमेव भाषा आहे त्याला ही मुभा नसते.

एक समाईक लेखी भाषा हवीच, हा आक्षेपकांचा मुद्दा रास्त आहे. चंद्रपूरचा सातबारा सिंधुदुर्गात वाचता आला पाहिजे, न्यायालयाचा निकाल सर्वांना एकाच अर्थाने कळला पाहिजे, आणि मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले ते याच गरजेपोटी. मात्र ते नियम लेखनाचे होते. ओसरीवर, बाजारात आणि वर्गात कोणी कसे बोलावे याचा अधिकार त्यांतून कोणालाही मिळालेला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाची घरची भाषा ही शिकण्याची सामग्री मानली आहे. पहिलीच्या वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीला शिक्षक दोन गोष्टी करू शकतात. ते तिला ‘चूक’ म्हणून थांबवू शकतात, आणि मग त्या एका शब्दाबरोबर तो शिकवणाऱ्या आईलाही चूक ठरवतात. किंवा तिचे वाक्य पुरते ऐकून, तिला जे सांगायचे आहे त्याला आधी उत्तर देऊन, मग फळ्यावर ‘पाणी’ लिहून पुस्तकात हा शब्द असा लिहितात एवढे सांगू शकतात. दुसऱ्या रीतीला जास्तीचा वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, आणि राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांना ती कोणी न शिकवताच अवगत आहे, कारण ते स्वतः तीच बोली बोलत वाढले आहेत.