पुढची कधी?

जुलै २०२४. नेरूळ स्टेशन, सकाळचे साडेअकरा. मी धापा टाकत प्लॅटफॉर्मवर पोचले आणि उरणची लोकल माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. चूक सर्वस्वी माझी. वडापाव घ्यायला थांबले होते. पण टेन्शन कसलं? आपण दादरला वाढलेल्या पोरी! एक गेली की मागून दुसरी येतेच. बाकड्यावर टोपली घेऊन बसलेल्या आजींना विचारलं, "आजी, पुढची किती मिनिटांत?" त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "मिनटांत नाय गं बाय, तासाभरानं येल. बस हितं."

मग बसले. वडापाव संपला, मोबाइलवरचे सगळे मेसेज संपले, आजींच्या नातसुनेची कहाणीही संपली. समोरच्या बाजूनं वाशीच्या, पनवेलच्या, ठाण्याच्या गाड्या येत होत्या, जात होत्या. आमचा प्लॅटफॉर्म मात्र लग्न आटोपलेल्या हॉलसारखा.

निघाले होते कॉलेजच्या मैत्रिणीला भेटायला. तिनं उलव्यात वन-बीएचके घेतला होता. ती खारकोपरला त्याच गाडीत चढणार आणि आम्ही दोघी उरणला जाऊन पिरवाडीचा समुद्र बघणार, आगरी खानावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबील हाणणार, असा फक्कड शनिवारचा प्लॅन. फोन केला, तर बाईसाहेब शांत. "चुकली ना? मला वाटलंच होतं. मी घरीच आहे, आता पुढच्या गाडीला निघते." तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

हा रस्ता बघाच एकदा. सीवूड्स सोडलं की बिल्डिंगा मागे पडतात आणि लोकल थेट खाडीत शिरते. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवीगार जंगलं, पाण्यात एका पायावर उभे बगळे, मग विमानतळासाठी कापलेले डोंगर, मग उलव्याचे टॉवर. गव्हाणच्या पुढे भातशेती. पावसाळ्यात इतकी हिरवी की डोळे निवतात. आणि शेवटी न्हावा शेवाच्या कंटेनरचे लाल-निळे ढीग. हार्बरच्या गर्दीत घुसमटलेल्या माणसाला खिडकीची जागा मिळते, वारा मिळतो. लोकलनं फिरायला जायचं असेल तर मुंबईच्या आसपास याहून सुंदर लाइन मला माहीत नाही.

स्टेशनंही झोकदार. उंच छपरं, रुंद प्लॅटफॉर्म, लखलखीत फरशा. सिडकोनं दोन तृतीयांश आणि रेल्वेनं एक तृतीयांश पैसे घालून बांधलेली ही साधारण २७ किलोमीटरची लाइन. खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला, तर उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ ला. त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि सगळे कॅमेरे साहजिकच पुलाकडे वळले. पुलावर कारवाल्यानं पाहिजे तेव्हा गाडी घालावी. लोकलवाल्यानं मात्र आधी वेळापत्रक बघावं.

कारण दिवसाला फेऱ्या चाळीस. ऐकायला बऱ्या वाटतात. पण त्या येऊन-जाऊन चाळीस, म्हणजे एका दिशेला वीस. पहाटेपासून रात्रीपर्यंतचे सतरा तास धरा आणि भागाकार करा. दोन गाड्यांत सरासरी पन्नास मिनिटं. त्यात आणखी एक गोम आहे. ही लाइन वर दोन फाट्यांत फुटते, काही गाड्या नेरूळहून सुटतात आणि काही बेलापूरहून. म्हणजे सीएसएमटीहून येताना आधीच ठरवायचं की उतरायचं कुठे. नेरूळला उतरलात आणि पुढची बेलापूरहून असली की बसा बोंबलत. तुलनेसाठी सांगते, पश्चिम रेल्वेवर दिवसाला चौदाशेच्या आसपास लोकल धावतात आणि मध्य रेल्वेवर अठराशेच्या आसपास.

आता तुम्ही म्हणाल, आमचीही आठ बावन्न ठरलेलीच असते की! असते ना. पण ती ग्रुपसाठी, खिडकीसाठी, डब्यातल्या वाढदिवसाच्या समोशांसाठी. आठ बावन्न चुकली तर शिव्या घालत आपण आठ छपन्नमध्ये लटकतो आणि ऑफिसला पोचतो. माझ्या मैत्रिणीची चुकली की सकाळची मीटिंग बोंबलते.

भाकरीचा तुकडा मोडत ती सांगत होती. ऑफिस फोर्टला. संध्याकाळी सहा वाजले की ती घड्याळ बघत नाही, 'गाडी' बघते. सहाची सुटली की एकदम सातच्या पुढची, म्हणजे घरी साडेआठ. बॉस म्हणतो, "पाच मिनिटं थांब." त्या पाच मिनिटांची किंमत तिला पाऊण तास पडते, हे त्याला कळतच नाही. बोरिवलीच्या कलीगला पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. टीम लीडची जागा तिला विचारली होती. "लेट कॉल्स असतात गं त्यात," एवढंच म्हणून तिनं विषय बदलला. फ्लॅट स्वस्त मिळाला तो याच लाइनच्या भरवशावर. ब्रोशरमध्ये 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापलं होतं आणि ते खरंच आहे. स्टेशन पाच मिनिटांवर आहे, गाडी नाही.

मला इथे एक जुनी गोष्ट आठवते. मी अकरावीला ॲडमिशन घेतली त्याच जूनमध्ये, २०१४ साली, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली. जेमतेम ११ किलोमीटर, १२ स्टेशनं. पण गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी. त्या मेट्रोचं टाइमटेबल कुणी पाठ केल्याचं ऐकलंय का तुम्ही? कुणालाच गरज पडली नाही. घरातून निघायचं, बस्स. उलट बेस्टचं बघा. २०१०च्या आसपास चार हजारांहून जास्त बस होत्या, २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली. थांबे तेच, नंबर तेच, पण स्टॉपवर उभा माणूस दहा मिनिटांनी मान वाकडी करून बघतो आणि पंधराव्या मिनिटाला शेअर रिक्षात बसतो. मग बस रिकामी धावते आणि रिकामी धावते म्हणून कमी होते.

उरण लाइनला हीच भीती होती. दुपारच्या डब्यात आम्ही मोजून नऊ जण होतो. कागदावर कुणीही म्हणेल, प्रवासीच नाहीत, फेऱ्या कशाला वाढवायच्या? आणि उलव्यातला माणूस म्हणणार, फेऱ्याच नाहीत, मी बाइक घेतली. दोघांचंही खरं. पण यातली फेरी एकट्या प्रवाशाला वाढवता येत नाही.

तसं उरणकरांना वाट बघणं नवीन नाही. भाऊच्या धक्क्याहून मोरा बंदराला लाँच जाते. मोऱ्याला गाळ इतका की मोठ्या ओहोटीला लाँच थांबवाव्या लागतात. पिढ्यान् पिढ्या माणसं भरती बघून निघाली. पण भरतीची वेळ चंद्र ठरवतो, त्याच्याशी कोण भांडणार? लोकलची वेळ माणसं ठरवतात.

आणि भांडल्यावर हललंही थोडं. प्रवासी, स्थानिक संघटना मागणी करत राहिल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये दहा फेऱ्या वाढल्या. नेरूळच्या चार, बेलापूरच्या सहा. चाळीसाच्या पन्नास झाल्या. विमानतळाजवळचं तरघर आणि गव्हाण ही दोन स्टेशनंही त्याच वेळी उघडली. पुन्हा भागाकार केला. पन्नास मिनिटांचं अंतर चाळीसवर आलं. न बघता स्टेशनवर गेलात तर सरासरी पंचवीसऐवजी वीस मिनिटं थांबायचं. पाचच मिनिटांची बचत, हसू येईल. पण मैत्रीण हसली नाही. तिला संध्याकाळी मधली एक गाडी मिळाली होती.

जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा गेले, या वेळी वडापाव न घेता. डबा पहिल्यासारखा ओकाबोका नव्हता. सॅक लावलेली कॉलेजची पोरं होती, मासळीच्या टोपल्या होत्या. एक बाई नव्या सुनेला तरघरला उतरलं की विमानतळ कुठे ते समजावत होती. उलव्यात तिच्या घरी जेवलो, भरपूर गप्पा झाल्या. टीम लीडचं पुन्हा विचारलंय म्हणाली. "बघू. पंधरा मिनिटांनी गाडी झाली ना, तर डोळे मिटून हो म्हणेन."

निघायच्या आधी तिनं चहा टाकला. मी म्हटलं, "राहू दे, पुढची कधी आहे ते बघते आधी." मोबाइल काढला, ॲप उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. तिनं वेळ सांगितली, त्यानंतरची सांगितली, दोन्हींतली बेलापूरची कुठली तेही सांगितलं. सगळं तोंडपाठ.

"साखर कमी ना तुला?"